कॅमेरा पीसीला जोडला तरी दिसत नाही? पोर्ट गेला म्हणण्याआधी हे सगळं तपासा

लग्नाच्या, बारशाच्या, गावातल्या सप्ताहातल्या कीर्तनाच्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेट आता बऱ्याच घरातनं बाहेर निघायल्यात. लोक कपाटातला कॅमेरा काढतात, फायरवायरची केबल लावतात, पीसीवर काहीच येत नाही, आणि मग एकच निकाल लागतो, पोर्ट गेला. दुकानात नेलं की दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला, कॅमेरावाला म्हणतो सर्किट गेलंय, पार्ट मिळत नाहीत, आणि त्या कॅसेट परत कपाटात जातात. मी परभणीत व्हिडिओ मिक्सिंगचं काम करतो, संभाजीनगर, लातूर, नांदेडकडूनही लोक असे कॅमेरे घेऊन येतात, त्यात पोर्ट खरंच जळालेला असतो अशा केस असतात, पण बऱ्याच वेळा दोष दुसरीकडंच असतो, कुठं केबल, कुठं ड्रायव्हर, कुठं कॅमेऱ्याचं एक साधं बटण. म्हणून कोणत्या क्रमानं तपासायचं ते सविस्तर लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या क्रमानं गेलं की चांगला पोर्टसुद्धा जळतो, आणि पीसीचा पोर्ट बदलता येतो पण कॅमेऱ्याचा बारका सॉकेट गेला तर कॅसेट वाजवणारं मशीनच हातचं जातं.

आधी केबल कोणती ते बघा

मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर दोन तऱ्हेचे सॉकेट असतात. एक यूएसबीचा आणि एक डीव्हीचा. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याला आयलिंक लिहिलेलं असतं, पॅनासॉनिक आणि कॅननवर नुसतं डीव्ही, ॲपलवाले फायरवायर म्हणतात, कागदोपत्री नाव आयईईई १३९४. सगळं एकच. यातल्या यूएसबीवर लोक फसतात. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यात यूएसबी हे मेमरी कार्डवरचे फोटो काढायला दिलेलं आहे, काही मॉडेलमधे बारीक चित्र स्ट्रीमिंगनं येतं, पण कॅसेटवरचं पूर्ण क्वालिटीचं चित्र घ्यायचं तर डीव्हीचाच सॉकेट वापरायचा. त्यामुळं यूएसबी लावून टेपचं चित्र येईना म्हणून पोर्टला दोष देणाऱ्यांनी इथंच थांबा, तुमचा पोर्ट बहुतेक ठणठणीत आहे.

कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनचा छोटा सॉकेट असतो. डेस्कटॉपच्या कार्डावर सहा पिनचा मोठा, जुन्या लॅपटॉपवर परत चार पिनचाच, आणि फायरवायर ८०० वाल्या मॅकवर नऊ पिनचा चौकोनी. सहा पिनमधे दोन पिना पॉवरच्या असतात, चार डेटाच्या. चार पिनमधे निस्ता डेटा. म्हणजे कॅमेरा या केबलमधनं करंट घेत नाही, त्याला ॲडॉप्टर वेगळा लागतोच.

आता एक कळकळीनं सांगतो. ऑनलाईन एक स्वस्तातली केबल मिळते, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला फायरवायर. ती घेऊ नका. यूएसबी आणि फायरवायर या दोन्हीची बोलायची पद्धतच वेगळी आहे, निस्त्या तारा जोडून एकाचं दुसऱ्यात होत नाही. ती केबल कॅमेरा कधीच दाखवणार नाही, उलट यूएसबीचे ५ व्होल्ट कॅमेऱ्याच्या डेटाच्या पिनांवर जायची भीती. जो माणूस ही केबल घेऊन येतो आणि पोर्ट चालंना म्हणतो त्याला मी आधी ती केबल बाजूला ठेवायला लावतो. पीसीला फायरवायर पोर्टच नसेल तर कार्ड बसवावं लागतंय, त्याला असल्या केबलची पळवाट नाही.

केबलची लांबीपण बघा, फायरवायर ४०० ला साडेचार मीटरच्या वर जायचं नाही. कॅमेरा टेबलावर आणि पीसी दुसऱ्या खोलीत असलं काही करू नका, दीड-दोन मीटरची चांगली केबल पुष्कळ झाली.

काहीही जोडायच्या आधी अर्थिंग

हा भाग लोक वगळतात आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त पोर्ट यानंच जातात, म्हणून जरा जास्त लिहितो.

पीसीच्या कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला, मागच्या स्क्रूला, लाईन टेस्टर लावून बघा. दिवा लागला का? लागला तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा तिसरी पिन कापलेली आहे, किंवा दोन पिनच्या एक्स्टेन्शनवर पीसी चालवायलात. होतंय असं की एसएमपीएसमधे, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमधे, फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की ती गळती जमिनीत जाते. नसलं की कॅबिनेटवर घरातल्या व्होल्टेजच्या जवळपास निम्मं, म्हणजे ११०-१२० व्होल्ट तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला निस्त्या झिणझिण्या येतात, पण फायरवायरचा चिप तीन-सव्वातीन व्होल्टवर चालणारा असतो, त्याला तेवढंही सोसत नाही. केबल सॉकेटात घुसताना बाहेरचं लोखंडी कडं आधी टेकलं तर बरं, पण तिरकी केबल घातली आणि डेटाची पिन आधी टेकली की तो सगळा झटका चिपमधनं जातो. ठिणगीसुद्धा दिसत नाही. काल चालणारा पोर्ट आज बंद.

त्यात कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी-लाल वायर टीव्हीला लावलेली असते आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर, जी आख्ख्या गल्लीतनं फिरून आलेली. मग पीसीचं लोखंड एका व्होल्टेजवर आणि टीव्हीचं दुसऱ्या, आणि दोघांच्या मधे तुमचा कॅमेरा. म्हणून नियम असा, पीसीला कॅमेरा जोडताना टीव्हीची वायर काढलेली पाहिजे.

अर्थिंग नीट करून घ्या, वायरमन बोलवा. आपल्याकडं काळ्या मातीत मीठ-कोळसा घालून खड्डा केलेला असतो, तो उन्हाळ्यात कोरडा पडतो, मातीला भेगा पडतात, आणि मग पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिल-मेमधे निकामी होते. त्या खड्ड्यात उन्हाळाभर अधनंमधनं पाणी ओतत जा. आणि कुणी सॉकेटातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देतो म्हणलं तर अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल तुटली की अख्ख्या कॅबिनेटवर फेज येतो, जिवाचा खेळ आहे.

अर्थिंग होईपर्यंत काम अडलं असेल तर जोडताना तरी पीसीचा आणि कॅमेऱ्याचा दोन्ही प्लग भिंतीतनं काढून ठेवा, केबल जोडा, मग लाईट चालू करा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून जोडा. आभाळ गडगडत असताना तर कॅप्चरचं, म्हणजे टेपचं चित्र पीसीत घ्यायचं काम घेऊच नका.

पोर्टमधे डोकावून बघणं

आता पीसी बंद, प्लग बाहेर, कॅमेऱ्याची बॅटरी काढलेली, ॲडॉप्टर काढलेला. मोबाईलचा टॉर्च लावा आणि कॅमेऱ्याच्या डीव्ही सॉकेटात बघा. दिसायला अवघड वाटलं तर मोबाईलनंच फोटो काढा आणि झूम करा, डोळ्याला न दिसणारं फोटोत दिसतंय. आतमधे काळ्या प्लॅस्टिकची बारकी जीभ असते आणि तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. चारही सरळ रेषेत, सारख्या उंचीवर पाहिजेत. एखादी आत ढकललेली, वाकडी, काळपट, हिरवट पडलेली, किंवा जीभच एका बाजूला कललेली किंवा तुटकी असेल तर तुमचा दोष सापडला. रबराचं झाकण तुटून गेलेल्या कॅमेऱ्यात आतमधे कापसाचे धागे आणि धूळ बसलेली असते, लग्नाच्या मांडवातली धूळ, अक्षता आणि गुलाल सगळं त्यात जातंय, मी त्यातनं गुलालाचा थर काढलेला आहे आणि तो निघाल्यावर कॅमेरा लगेच दिसला.

साफ करताना सुई, टाचणी, पेपरक्लिप काही घालायचं नाही. हातानं दाबायचा ब्लोअर, मऊ कोरडा ब्रश, आणि लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशच्या टोकाला लावून हलक्या हातानं. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. अल्कोहोल लावलं तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी.

पीसीच्या बाजूचा सहा पिनचा सॉकेट बघताना त्याच्या आकाराकडं लक्ष द्या. एक टोक सपाट, दुसरं निमुळतं. केबल एकाच बाजूनं जाते. पण जुनं कार्ड असेल, कडं सैल झालेलं असेल, आणि टेबलाखाली हात घालून अंदाजानं घातली तर ती उलटीसुद्धा घुसते. उलटी घुसली की पॉवरच्या पिनेचे व्होल्ट, जे कार्डाप्रमाणं ८ पासून ३० पर्यंत काहीही असू शकतात, डेस्कटॉपला बहुधा १२, ते डेटाच्या तारांवर येतात आणि सरळ कॅमेऱ्यात जातात. कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट जळायचं हे फार मोठं कारण आहे. कॅमेरा बाकी सगळा चालतो, रेकॉर्ड करतो, टीव्हीवर दाखवतो, फक्त डीव्ही मेला. म्हणून सहा पिनचं टोक नेहमी आधी, पीसी बंद असताना, डोळ्यानं बघून लावायचं, आणि चार पिनचं कॅमेऱ्याकडचं नंतर. जमत असेल तर चार पिनवाला लॅपटॉप वापरा, दोन्ही टोकाला चार पिन असलेल्या केबलमधे पॉवरची तारच नसते.

अजून एक. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट या कामाला वापरू नका. मदरबोर्डवर पुढच्या यूएसबीची आणि पुढच्या फायरवायरची पिनांची जागा दिसायला सारखीच असते, दोन्हीकडं दहाच्या जागी नऊ पिना. कुणी पीसी साफ करताना वायरी काढल्या आणि परत घालताना यूएसबीची वायर फायरवायरच्या जागी घातली की पुढच्या यूएसबीच्या चुकीच्या तारेवर १२ व्होल्ट येतात. असा पीसी असेल तर त्यात पेनड्राईव्ह, कॅमेरा, जे लावाल ते जळतं. ज्या पीसीच्या पुढच्या पोर्टात लावलेल्या वस्तू खराब होत गेल्या असतील, त्याचं कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर छापलेलं नाव वाचा.

कॅमेऱ्याची तयारी

ॲडॉप्टर लावा, बॅटरीवर करू नका, बॅटरी वाचवायला कॅमेरा मधेच बंद होतो. स्विच कॅमेरा मोडवर नाही तर व्हीसीआर, व्हीटीआर किंवा प्ले जे काही लिहिलं असेल त्यावर. कॅसेट आत पाहिजे, पण आधी कॅसेटच्या पाठीवरची बारकी पट्टी सेव्हकडं सरकवा. तपासातपाशीत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणं ही फार महागाची गोष्ट आहे, ते लग्न परत लागणार नाही.

एचडीव्ही कॅमेरा, म्हणजे त्याच मिनीडीव्ही कॅसेटवर एचडी चित्र घेणारा, असेल तर मेनूत दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, व्हीसीआर एचडीव्ही/डीव्ही हे कशावर आहे, आणि दोन, आयलिंक कन्व्हर्ट, म्हणजे एचडीव्हीचं डीव्ही करून बाहेर पाठवणं, चालू का बंद. टेप डीव्हीची आणि सेटिंग एचडीव्हीचं, किंवा उलटं, असं झालं की कॅमेरा पीसीला दिसतो पण चित्र येत नाही, आणि ऑटोवर ठेवलं तर टेपमधे फॉरमॅट बदलला की कॅमेरा पीसीला वेगळंच यंत्र वाटायला लागतो, कनेक्शन तुटल्यासारखं दिसतं. हे सेटिंग केबल लावायच्या आधी करायचं. लग्नाच्या कामाचे सोनीचा पीडी १७० किंवा पॅनासॉनिकचा एमडी १०००० सारखे कॅमेरे निस्त्या डीव्हीचे, त्यांना ही भानगड नाही.

आता कॅमेरा बंद करून वर सांगितलेल्या क्रमानं केबल लावा, पीसी चालू करा, विंडोज पूर्ण उघडू द्या, मग कॅमेरा चालू करा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडं बघा. बऱ्याच मॉडेलवर टेप थांबलेली असताना डीव्ही इन असं अक्षर येतं. हे अक्षर म्हणजे कॅमेऱ्याला दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत आहे हे कळालं. ते आलं तर कॅमेऱ्याचा सॉकेट, केबल आणि पीसीचा पोर्ट तिन्ही बहुतेक ठीक आहेत, पुढचा शोध ड्रायव्हरमधे घ्यायचा. तुमच्या मॉडेलवर ते येत असतं आणि आता आलंच नाही तर मात्र तारेच्या बाजूनं शोधायचं. एवढ्या एका खुणेवरनं अर्धं काम होतं, तरी कुणी त्या स्क्रीनकडं बघत नाही, सगळे पीसीकडंच बघत बसतात.

पीसी काय म्हणतो

स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाईस मॅनेजर उघडा. यादीत आयईईई १३९४ होस्ट कंट्रोलर्स अशी ओळ पाहिजे. ती ओळच नसेल तर कार्ड स्लॉटमधे नीट बसलेलं नाही, किंवा मदरबोर्डवरचा पोर्ट असेल तर बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे, ऑनबोर्ड १३९४ बंद केलेला आहे, किंवा चिप खरंच मेलाय. कार्ड काढून सोनेरी कडा साध्या खोडरबरनं हलकी पुसा, भुसा झटका, दुसऱ्या स्लॉटमधे बसवा. तरी ओळ येईना तर दुसऱ्या पीसीत ते कार्ड लावून बघा, तिथंपण नाही आलं तर कार्ड गेलं.

ओळ आहे पण पिवळं चिन्ह आहे, तर त्यावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होईना, इथं ड्रायव्हर चुकीचा किंवा चिप खराब, दोन्ही असू शकतं.

ओळ आहे, चिन्ह नाही, आणि आत लिहिलंय की हे उपकरण व्यवस्थित चालू आहे, तरी कॅमेरा दिसंना. इथं लोक चकतात. ते वाक्य निस्तं एवढंच सांगतं की कार्डावरचा कंट्रोलर मदरबोर्डला उत्तर देतोय. त्याच्या पुढं बाहेरच्या पोर्टकडं जाणारा जो भाग आहे, जो झटक्यानं जळतो, त्याच्याबद्दल विंडोजला काहीच माहीत नसतं. म्हणजे पोर्ट जळालेला असूनही तिथं सगळं ठीक दिसू शकतं. म्हणून पोर्टचा निकाल डिव्हाईस मॅनेजरवरनं लावायचा नाही.

ड्रायव्हरचं म्हणाल तर विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टनं १३९४ चा नवीन ड्रायव्हर दिला आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं त्याच्याशी जमत नाही. कंट्रोलरच्या ओळीवर राईट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, मग ऑनलाईन शोधू नका, माझ्या कॉम्प्युटरवर शोधा आणि यादीतनं निवडू द्या हे घ्या. विंडोज ७ मधे त्या यादीत नावापुढं लेगसी (म्हणजे जुना) लिहिलेला ड्रायव्हर असतो, तो निवडा, रिस्टार्ट करा. विंडोज ८ पासून तो यादीतनं काढलाय, मायक्रोसॉफ्टनं त्याची वेगळी फाईल दिली होती, ती इन्स्टॉल केल्यावर तो प्रोग्राम फाईल्समधे एका फोल्डरात बसतो, आणि मग वरच्याच पद्धतीनं त्या फोल्डरातनं निवडावा लागतो. निस्तं इन्स्टॉल करून भागत नाही, निवडावाच लागतो, ही पायरी बहुतेक जण सोडतात. डीव्ही इन दिसायलंय पण पीसीत कॅमेरा नाही अशी केस असेल तर बहुतेक वेळा इथंच सुटते.

मॅकवर (मॅकओएस २६ टाहोच्या आधीच्या, टाहोत फायरवायरची सोय काढलीय) सिस्टीम इन्फर्मेशनमधे फायरवायरची ओळ बघा, थंडरबोल्टचे ॲडॉप्टर साखळीनं लावलेले असतील तर त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा संशयित धरा. लिनक्सवर टर्मिनलमधे डीमेसेज (dmesg) चालवा आणि कॅमेरा चालू केल्यावर नवीन ओळ उमटते का ते बघा.

अदलाबदल, एका वेळी एकच गोष्ट

ड्रायव्हर नीट करूनही कॅमेरा दिसत नसेल तर आता पोर्टवर संशय घ्यायचा. पद्धत अशी, एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची स्क्रीन बघायची. केबलही बदलली, पोर्टही बदलला आणि चालू झालं, तर तुम्हाला काय खराब होतं ते कळालंच नाही, आणि पुढच्या खेपेला ती खराब केबल परत हातात येणार. बदलताना दर वेळी कॅमेरा आणि पीसी बंद करायचं कंटाळा न करता.

पहिली केबल. मित्राची, दुकानदाराची, कुणाची तरी चालू असलेली केबल मागा. चार पिनचं टोक फार नाजूक, त्यातली तार वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरनं काही कळत नाही. केबल लावून टोकाजवळ हलक्यानं हलवा, डीव्ही इन येत-जात असेल तर एकतर केबल किंवा सॉकेटचा सोल्डर सुटलाय. दुसऱ्या केबलनं असं होत नसेल तर केबल. दुसऱ्या केबलनंही होत असेल तर कॅमेऱ्यातला सॉकेट बोर्डावरनं सुटलाय, आणि ही चांगली बातमी आहे, कारण हे मोबाईलच्या सॉकेटचं बारीक काम करणारा कारागीर परत सोल्डर करून देऊ शकतो.

दुसरं, त्याच कार्डावरचा शेजारचा पोर्ट. कार्डावर दोन-तीन पोर्ट असतात, एक गेला तरी बाकीचे चालू असू शकतात. शेजारच्यावर कॅमेरा दिसला तर बंद पोर्टावर चिकटपट्टी लावा म्हणजे परत कुणी त्यात केबल घालणार नाही. पण सावध, ज्या झटक्यानं एक गेला त्यानं दुसराही कमजोर झालेला असू शकतो, काम मोठं असेल तर कार्डच बदला.

तिसरी चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि तिला पीसी लागतच नाही. दोन कॅमेरे घ्या, दोन्हीकडं चार पिन असलेली केबल लावा. दोन्ही व्हीसीआर मोडवर. तुमच्या कॅमेऱ्यात कॅसेट घालून प्ले करा, दुसऱ्या कॅमेऱ्यात कोरी कॅसेट ठेवा आणि त्याच्या स्क्रीनवर चित्र येतं का बघा. चित्र आलं की तुमच्या कॅमेऱ्याचा पोर्ट शंभर टक्के चांगला, दोष पीसीकडं. नाही आलं तर तिसरा, खात्रीचा चालणारा कॅमेरा तुमच्या जागी लावून तीच केबल तपासा, मग निकाल पक्का. दुसरा कॅमेरा निवडताना त्याच्यात डीव्ही इन सोय आहे का बघा, काही कॅमेऱ्यांना निस्तं आऊट असतं. आणि कामाची कॅसेट ज्या कॅमेऱ्यात आहे तिची पट्टी सेव्हवर आहे ना, परत एकदा बघा.

आता काही खुणा ज्या पोर्टच्या वाटतात पण नसतात. सॉफ्टवेअरमधनं प्ले-पॉज होतंय, टेप फिरते, पण चित्र काळं, तर पोर्ट चालू आहे, कारण हुकूम आणि चित्र एकाच तारेतनं जातात; इथं एचडीव्ही-डीव्हीचं सेटिंग किंवा दुसरं सॉफ्टवेअर कॅमेरा धरून बसलंय का ते बघा. विनडीव्ही हे हलकं फुकट सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे, प्रीमियर किंवा एडियससारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी त्यात चित्र येतं का बघायचं. चित्रात चौकोन-चौकोन पडतात, आवाज तुटतो, तर तेच दृश्य कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर बघा. तिथंही चौकोन असतील तर हेड घाण झालंय किंवा टेप खराब, क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवा, जास्त नाही, हेड घासतं. कॅमेऱ्यावर स्वच्छ आणि पीसीवर तुटक तर हार्डडिस्क मागं पडतेय. डीव्हीचं चित्र सेकंदाला साधारण ३.६ एमबी येतं, एका तासाला १३ जीबी, ते पेनड्राईव्हवर किंवा भरत आलेल्या डिस्कवर घ्यायला गेलं की फ्रेम गळतात. आतली सॅटा डिस्क वापरा आणि तेवढ्या वेळापुरतं बाकी सगळं बंद ठेवा.

यूएसबीवाले नवीन हँडीकॅम

कार्डवर रेकॉर्ड होणाऱ्या कॅमेऱ्यांचं सोपं आहे. सगळ्यात आधी केबल, कारण मोबाईल चार्जरच्या काही केबलीत डेटाची तारच नसते, कॅमेरा चार्ज होतो आणि दिसत नाही. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर यूएसबी कनेक्ट निवडायला विचारतोय का बघा. मग त्याच पोर्टात पेनड्राईव्ह लावा. पेनड्राईव्ह चालला तर पोर्ट चांगला. नाही चालला तर मागच्या बाजूच्या पोर्टात लावून बघा, ते थेट मदरबोर्डवर असतात.

पोर्टला करंट आहे का हे मल्टिमीटरनं बघायचं असेल तर पोर्टात प्रोब खुपसू नका, शॉर्ट होईल. जुनी यूएसबी केबल कापा, लाल आणि काळी तार सुटी करून वेगवेगळी ठेवा, केबल पोर्टात लावा आणि त्या दोन तारांवर मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मधे पाहिजे. शून्य आलं तर पीसी बंद करून, प्लग काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या, पोर्टचा फ्यूज बऱ्याच बोर्डवर स्वतः परत जुळणारा असतो. व्होल्ट बरोबर आहेत पण कोड ४३ येतोय, तर डिव्हाईस मॅनेजरमधनं ते यंत्र अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा, आणि यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा. तरी येत राहिला आणि दुसऱ्या पीसीवर तोच कॅमेरा त्याच केबलनं चालला, तर पोर्टच्या डेटाच्या तारा गेल्या. तसंही कार्डवाल्या कॅमेऱ्याला पोर्टची गरज नाही, कार्ड काढून रीडरमधे घाला.

खरंच गेलाय असं ठरलं तर

पीसीचा पोर्ट गेला असेल तर मदरबोर्ड बदलू नका. पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा चिप असलेलं मिळालं तर ते घ्या, कॅमेऱ्यांशी त्याचं चांगलं जमतं. नवीन मिळंना तर लातूरच्या गंजगोलाईकडं, नांदेडला वजिराबादेत किंवा तुमच्या गावातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा, जुन्या मिक्सिंगच्या पीसीतनं काढलेली कार्डं पडलेली असतात. जुन्या लॅपटॉपला एक्सप्रेसकार्डचा खाचा असेल तर त्याचंही कार्ड येतं.

कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट गेला असेल तर टेप दुसऱ्या चालू कॅमेऱ्यात घाला, साध्या डीव्हीत एसपीवर, म्हणजे नेहमीच्या वेगानं, घेतलेली मिनीडीव्ही टेप कुठल्याही कंपनीच्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यात चालते, एचडीव्हीत घेतलेलीला एचडीव्ही कॅमेराच लागतो. मोठी अडचण एलपीवर रेकॉर्ड केलेल्या टेपची, साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं घेतलेल्या, त्या दुसऱ्या मशीनवर बऱ्याचदा चौकोन टाकतात, मूळ कॅमेऱ्यातच नीट वाजतात. अशा वेळी मूळ कॅमेऱ्याच्या एव्ही किंवा एस व्हिडिओ आऊटमधनं घ्यायचं, यूएसबीच्या कॅप्चर स्टिकनं किंवा एव्ही इन असलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यातनं, ज्याच्या मेनूत एव्ही ते डीव्ही आऊट चालू करता येतं. क्वालिटी थोडी उतरते पण काहीच नसण्यापेक्षा लाख पटीनं बरं, आणि एस व्हिडिओ असेल तर पिवळ्या पिनेपेक्षा तेच वापरा.

कारागिराकडं कॅमेरा देताना निस्तं पोर्ट खराब आहे असं सांगू नका. कागदावर लिहून द्या, डीव्ही इन येत होतं का, केबल हलवल्यावर काय झालं, दोन कॅमेऱ्याच्या चाचणीत काय झालं, एव्ही आऊटमधनं चित्र येतंय का. एवढं लिहिलेलं असलं की त्याला सॉकेटचा सोल्डर बघायचा का बोर्डावरचा चिप हे लगेच कळतं, आणि तो उगी अख्खा कॅमेरा खोलत नाही. आणि देण्याआधी आतली कॅसेट काढून घ्या.